चारात एक

“...म्हणजे मंग आता तीनच राहिले ना, माय? अन् तिन्ही चांगले?”

खेमराजनं तीन बोटं वर धरली होती. करंगळी अंगठ्याखाली घट्ट दाबलेली.

मठातल्या पंचफुलामायनं बोटांकडं पाहिलंच नाही. ती शिंगाडे सोलत बसली होती. तलावातले, सकाळीच उकडलेले. दोन्ही टोकं चाकूनं उडवायची, काळं साल चिरायचं, आतला पांढरा गर परातीत टाकायचा.

“कायचे तीन?” तिनं विचारलं.

“अजी, चारातले! डॉक्टरीणबाईनं काय सांगितलं? चारात एक. एक तर होऊन गेला आमचा. राहिले किती?”

मायचा चाकू चालूच होता. एक शिंगाडा किडका निघाला, तो तिनं अंगणात भिरकावला.

पडवीच्या खांबाला टेकून भुमेश्वरी बसली होती, खेमराजची बायको. तिच्या मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत दवाखान्याचा कागद. तो कागद जागेवर आहे ना, हे ती पिशवीवरूनच चाचपून पाहत होती. घरापासून मठापर्यंत हे पाच वेळा करून झालं होतं.

घरातली गोष्ट गावाला कळायला वेळ तो किती लागणार? आठ दिवस त्या घरातून माणसांचा आवाज येत नव्हता, भांड्यांचाच येत होता. भाजीवाली दारात उभी राहिली तरी भुमेश्वरी भाव करायची विसरायची. शेजारपाजारच्यांनी तेव्हाच ओळखलं, काहीतरी अडलंय.

अडलं होतं ते असं.

त्यांची थोरली तनू, सात वर्षांची. तिला सिकलसेलचा आजार. रक्तातल्या पेशी गोल असायच्या, त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात. मग हातपाय असे दुखतात की शेजारच्या घरातही माणसाला घास गिळवत नाही. आजवर तीनदा रक्त चढवून झालं होतं पोरीला.

आईबाप दोघंही वरून धडधाकट. पण तपासलं तेव्हा दोघांचंही रक्त ‘अर्धं’ निघालं. अर्ध्याला अर्धं भेटलं की लेकराला पुरा आजार होण्याची भीती. किती भीती? डॉक्टरीणबाईंनी चार बोटं धरली आणि त्यातलं एक मिटलं.

चारात एक.

आणि आता भुमेश्वरीला तिसरा महिना सरत आला होता.

नागपूरला सुईनं वारेचा बारीकसा कण काढून पोटातल्या बाळाचं आधीच सांगतात. सोमवारची तारीख मिळाली होती. ‘दोघांनी यावे, दोघांचेही रक्त लागेल,’ असं कागदावर स्पष्ट लिहिलेलं. पुढच्या आठवड्यात ती तपासणी होणार नव्हती, दिवस वर गेले असते.

आज शुक्रवार.

आणि खेमराज म्हणत होता, जायचंच कशाला? आपल्या वाट्याचं वाईट येऊन गेलं. आता सुई टोचून घ्यायची, बाळाला धक्का लावायचा, कशासाठी?

“मायनं जा म्हटलं तर जातो,” इथवर तो कसाबसा आला होता. म्हणून तिघं तलावाच्या बांधावरच्या या मठात आली होती. तनूला बापानं खांद्यावर बसवून आणलं, कारण सकाळपासून तिचे गुडघे धरले होते. आता ती त्याच्या मांडीवर होती. हातात एक सोललेला शिंगाडा, तो तिनं अजून तोंडाला लावला नव्हता.

“माय, तुमी काही बोलत नाही.” खेमराज जरा पुढं सरकला. “मी काही अडाणी नाही. चारात एक मले नवं हाये काय? मडकं कोन सांभाळते?”

हे मात्र खरं होतं.

या गावात ‘चारात एक’ म्हटलं की डोळ्यांपुढं मडकंच येतं. चार टोल्यांचं, म्हणजे चार वस्त्यांचं गाव आहे. पाऊस उघडला की धानाला तलावाचं पाणी सोडायचं. कुणाला तरी सगळ्यांत शेवटी घ्यावंच लागतं, आणि शेवटच्याच्या वाट्याला कधी गढूळ थोडंसं, कधी नुसता ओलावा. म्हणून मायसमोर मडक्यात चार टोल्यांच्या चार चिठ्ठ्या टाकायच्या. निघेल ती टोली त्या साली शेवटची. निघालेली चिठ्ठी मडक्यात परत जात नाही, भिंतीतल्या कोनाड्यात जाते. म्हणजे एकदा भोगलं की फेरा पुरा होईस्तोवर ती टोली निर्धास्त.

माय मठात पन्नास वर्षांपासून. खेमराज दहा वर्षांचा असल्यापासून तिचा चेला. आणि नऊ सालांपासून मडकं त्याच्या हातात. गावात त्याला त्याचा मान होता. खरं सांगायचं तर थोडा ताठाही होता.

“सांग तुझा नियम,” माय म्हणाली.

खेमराज सरसावून बसला.

“पहिल्या साली चारात एक. दुसऱ्या साली तिनात एक. तिसऱ्या साली दोनात एक. चौथ्या साली चिठ्ठी काढाची गरजच नाही, राहिली ती राहिली. मागं काय निघालं त्यावर पुढचं ठरते. काढलेली परत टाकाची नाही. नऊ सालांत एक चूक दाखवा माझी!”

“नाही,” माय म्हणाली. “मडक्यात चूक नाही तुझी.”

भुमेश्वरीनं मान वर केली. पण मायनं पुढचा शिंगाडा घेतला. दोन शिंगाडे सोलून झाले, तीन झाले...

“हा नियम कोनं केला?”

“देवानं.” मग खेमराजनं जरा सावरून घेतलं. “म्हणजे... तुमच्या गुरूनं असंल. जुनाच हाये.”

“मी आठ वर्षांची होती तवा झाला. मी इथंच होती, या पायरीवर.” मायचा चाकू थांबला. “त्याच्या आधी निघालेली चिठ्ठी परत मडक्यातच टाकत. दरसाल चारही. आमची बोडीटोली लागोपाठ तीन साल निघाली.”

“तीन साल? एकच टोली?”

“एकच.”

“कोनी लबाडी केली असंल, माय!”

“माझ्या बापालेही तसंच वाटलं. त्यानं मडकं उलटं करून झटकलं. आत हात घालून चाचपलं. चिठ्ठ्या उलगडून पाहिल्या, मोजल्या. चारच होत्या... सारख्या.”

“मंग?”

“मंग गावाले लाज वाटली. म्हणून निघालेली बाजूला ठेवू लागले.”

तिनं परत चाकू चालवला.

“मडक्याले नव्हती वाटली लाज, खेमराज.”

खेमराजच्या कपाळावर एक आठी आली आणि गेली. हे त्याला पटलं नाही. किंवा पटवून घ्यायचं नव्हतं. माणूस दोन्ही वेळी सारखाच दिसतो.

“ती गोष्ट पान्याची, माय. ही लेकराची.”

“होय ना. तेच म्हणून राहिली मी बी. पान्याची गोष्ट लेकराले नको लावू.”

...

“खालटोलीचा सुकराम,” माय म्हणाली. “त्याचं रक्त कसं हाये?”

“अर्धं. त्याच्या बायकोचंही अर्धं. आमच्यासारखंच.”

“लेकरं किती?”

“चार.”

“आजारी कोनतं?”

खेमराजनं तनूला मांडीवर नीट घेतलं. मग म्हणाला, “एकही नाही. चारही मस्त, दिवसभर डुंबून राहतात तलावात.”

“तुझ्या नियमानं तीन चांगल्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या. चौथ्याच्या वेळी मडक्यात काय राहिलं होतं?”

खेमराजची नजर कोनाड्याकडं गेली.

“सांग ना. मडकं तू सांभाळतो.”

“वाईटच राहिली होती,” खेमराज म्हणाला. आणि लगेच, “पण नशीब ना त्यायचं, माय! एखाद्याचं असते नशीब. म्हणून काय...”

“बाई होती एक,” भुमेश्वरी म्हणाली.

ती बोलेल असं कुणाला वाटलं नव्हतं. तिलाही नव्हतं. पिशवी तिनं छातीशी धरली होती.

“रक्ताच्या वॉर्डात. तनूले मागच्या खेपेस चढवलं तवा. बाजूबाजूच्या दोन खाटा, दोन्हींवर तिचीच लेकरं. एक पोरगा, एक पोरगी. दोघायलेही बाटल्या लागून. ती मधात स्टुलावर बसून एकदा याच्या पायावरून हात फिरवे, एकदा तिच्या.”

“मंग?” खेमराज म्हणाला.

“मी विचारलं, दुसऱ्याच्या वेळी तपासलं नाही काय, बाई? तर ती म्हणे... आमाले वाटलं एक झालं, आता दुसरं चांगलंच येईल.”

तलावात कुठंतरी मासा उसळला. पाण्याचा आवाज आला आणि विरला.

“मले काहून नाही सांगितलं हे?” खेमराजचा आवाज चढला. “सहा महिने झाले त्याले!”

“सांगितलं असतं तर तुमी काय म्हटलं असतं?”

काय म्हटलं असतं, ते खेमराजला माहीत होतं. तिचं नशीब, असं म्हटलं असतं. सुकरामचं चांगलं नशीब, तिचं वाईट नशीब, आणि आपलं तेवढं गणित.

“पण आपलं तसं नाही ना, बाबा?”

तनू मध्येच म्हणाली. सगळं ऐकत होती पोर. ही मुलं दुखण्यात मोठी होतात, त्यांच्यापुढं हळू बोलून उपयोग नसतो.

“आपलं झालं ना? माझी निघाली ना?”

“काय निघाली, बाई?” मायनं विचारलं.

“चिठ्ठी. वाईटवाली. ती मले आली, म्हणून आता बाळाले नाही येत. बाबा म्हणते.” तिनं शिंगाड्याचा एवढासा तुकडा दातांनी तोडला. “म्हणून मी रडत नाही आता. परवा लय दुखलं, तरी नाही रडली. उशी चावली.”

“काहून?”

तनूनं बापाकडं पाहिलं. हे सांगायचं की नाही, असं.

“रडलं तर... ती परत जाईल ना मडक्यात. मंग बाळ काढंल.”

भुमेश्वरीला घरची उशी आठवली.

उशीच्या अभ्र्याला भोकं पडली होती. दोन आठवड्यांत दोनदा. तिला वाटलं उंदीर आहे घरात. तिनं सुईदोरा घेऊन ती भोकं शिवली होती, उंदराला शिव्या घातल्या होत्या, कणगीमागं पिंजरा लावला होता. आणि पोर शेजारी निजून सगळं पाहत होती, एका शब्दानं बोलली नव्हती.

खेमराज तनूच्या डोक्यावरून हात फिरवायला गेला. हात मध्येच राहिला.

मायनं चाकू खाली ठेवला. पदराला हात पुसले. आता इतक्या वेळानं पहिल्यांदा तिनं खेमराजकडं सरळ पाहिलं.

“निघालेली चिठ्ठी तू कुठं ठेवतो?”

“त्या कोनाड्यात.”

“ठेव मंग.”

“काय ठेवू?”

“तिले. तनूले. ठेव कोनाड्यात.”

“माय...”

“निघालेली चिठ्ठी हाये ना ती? तूच म्हणतो. तीही म्हणते. नियम तुझा हाये, नऊ सालांत चूक नाही. ऊठ. ठेव तिले बाजूला.”

कोनाडा तो केवढा! दोन विटांचा. त्यात गेल्या दोन सालांच्या दोन चिठ्ठ्या, वर धूळ.

तनू हसली. “मी नाही मावत तिथं, माय!”

कुणी हसलं नाही.

खेमराज उठला नाही. त्याचे हात आपसूक पोरीभोवती आवळत गेले. त्यालाही कळलं नाही किती.

“बाबा, दुखते.”

त्यानं चटकन हात सैल केले. पण सोडले नाहीत.

“नाही ठेवत?” मायनं विचारलं.

“नाही.”

“मंग ती बाजूला कुठं गेली? तुझ्या मांडीवर तर हाये.”

...

ऊन पडवीत आलं, परातीतला शिंगाड्यांचा गर चकाकायला लागला. भुमेश्वरीला वाटलं, आता हा चिडून उठेल, पोरीला खांद्यावर टाकेल आणि चालू लागेल. मग सोमवार जाईल. मग दुसरा सोमवार येईल, आणि तेव्हा काही विचारायलाच उरणार नाही. पिशवीतला कागद पुन्हा चाचपायचंही तिला भान राहिलं नव्हतं.

खेमराज उठला नाही.

“म्हणजे...” त्याचा आवाज बारीक झाला होता. “म्हणजे यालेही होईल, माय?”

“असं म्हटलं काय मी?”

“मंग नाही होणार?”

“असंही नाही म्हटलं.”

“मंग काय? काय समजू मी?”

“चारात एक.”

“पहिल्यासारखंच?”

“पहिल्यासारखंच.”

“तनू झाल्यावरही?”

“तनू झाल्यावरही.”

खेमराजनं मघासारखीच तीन बोटं धरून पाहिली. हळूहळू करंगळीही मोकळी केली. चार झाली. त्या चार बोटांचं आता काय करावं हे त्याला सुचेना. शेवटी त्यानं तो हात तनूच्या पाठीवर ठेवून दिला.

मग एकदम तो म्हणाला, जवळजवळ ओरडलाच, “मंग या पोरीनं सात सालं भोगलं, ते कशात गेलं, माय? तीनदा रक्त चढवलं, थंडीत हिचे पाय गरम पान्यात घेऊन बसलो आमी, शाळेतून खांद्यावर आणलं... ते काहीच कामाचं नाही काय? त्याचं कोनाले काहीच नाही भेटत?”

आता गोष्ट उघडी पडली. भुमेश्वरीला आठ दिवस वाटत होतं, नवरा हट्टी आहे, गणिताचा ताठा आहे. ताठा होताच. पण ताठ्याच्या आत हे होतं. पोरीचं दुखणं वाया जाऊ नये, एवढंच तो मागत होता. कुणाच्या तरी उपयोगी पडावं ते.

तिनं त्याच्या खांद्याला हात लावला. सगळ्यांसमोर असं ती कधी करत नसे.

माय उठून जवळ आली. ऐंशीच्या पुढची बाई, गुडघ्यावर हात देऊन देऊन खाली बसली. तनूचा एक पाय तिनं आपल्या मांडीवर घेतला आणि सुजलेल्या गुडघ्यावर तळवा ठेवला. दाबला नाही, नुसता ठेवला.

“हिचं दुखणं हिचं हाये,” ती म्हणाली. “त्याची गोधडी शिवून दुसऱ्या लेकराच्या अंगावर नको टाकू.”

मग ती पोरीकडं वळली.

“तनू.”

“काय, माय?”

“तू रडत जाय, बाई. दुखलं का रडाचं. मोठ्यानं. बाळाले त्यानं काही होत नाही. कोन्या मडक्यात काही परत जात नाही.”

“खरंच?”

“मडकं माझं हाये. मले ठाऊक नसंल?”

तनूनं त्यावर थोडा विचार केला. सात वर्षांची पोर, तिनं नीट विचार केला. आईकडं पाहिलं, बापाकडं पाहिलं.

“मंग आता रडू?”

“दुखून राहिलं?”

“सकाळपासून.”

“मंग रड.”

आणि ती रडली. आधी हळू, कुणी रागावतं की काय असं बघत. मग ओठ वाकडे झाले, मग आवाज फुटला, आणि मग असा काही फुटला की बांधावरचे बगळे उडून गेले. भुमेश्वरीनं तिला ओढून कुशीत घेतलं. बाळाच्या आणि तनूच्या मध्ये आता फक्त लुगड्याचा पदर होता.

खेमराज रिकाम्या मांडीनं बसून राहिला.

रडणं जरा ओसरलं तेव्हा त्यानं विचारलं, “मंग हे कशानं ठरते, माय? तनूवरून ठरत नाही म्हणता. मंग कशावरून?”

“पोटातलं लेकरू बहिणीले विचारून येत नाही.”

“मंग कोनाले विचारते?”

मायनं चाकू उचलला. पातं आपल्याकडं घेतलं, आणि मुठीनं खेमराजच्या मनगटावरची हिरवी नस हलकेच दाबली. मग तीच मूठ भुमेश्वरीच्या दिशेनं वळवली.

मग ती परत शिंगाड्यांकडं वळली.

खेमराज आपल्या मनगटाकडं पाहत राहिला. शर्टाची बाही त्यानं खाली ओढली, मग परत वर केली.

“कागद दे,” तो म्हणाला.

भुमेश्वरीला आधी कळलंच नाही तो काय मागतोय. मग तिनं घाईघाईनं पिशवी उघडली. आठ दिवसांत पहिल्यांदा त्यानं तो कागद हातात घेतला होता. वाचता वाचता त्याचे ओठ हलत होते. एका ओळीवर येऊन थांबले. दोघांचेही रक्त लागेल.

“पहिली गाडी किती वाजता?”

“साडेपाच.”

“तनूले?”

“शेजारी ठेवू. त्यायनं म्हटलंच हाये, ठेवा म्हणून.”

“नाही,” खेमराज म्हणाला. “संगं नेऊ तिले.”

तो उठला. तनूला घ्यायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. मग मायच्या पायांजवळ बसला, लहानपणी बसायचा तसा, उकिडवा.

“भेव वाटते, माय.”

“हं.”

“तिथं जाचं नव्हतं तवा तीनही चांगलेच राहिले म्हणून झोप तरी लागे मले. गेलं अन् तेच निघालं तर... हिनं काय करावं, मी काय करावं? काही सुचत नाही पुढचं.”

“हं.”

“तुमी नुसतं हं म्हणता!”

माय हसली नाही.

“अंगारा तरी द्या,” तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते, आणि ते लपवायचंही तो विसरला होता. “हिच्या पोटाले लावतो. सोमवारी चांगलं निघू दे म्हणून. एवढं तरी मागा देवाजवळ, माय... एवढंच.”

अंगाऱ्याची वाटी मायच्या मागंच होती, हाताच्या अंतरावर. येणाऱ्या प्रत्येकाला ती चिमूटभर द्यायची. न मागताही द्यायची.

तिनं हात मागं नेला नाही.

ती भुमेश्वरीकडं बघत होती. तनू तिच्या कुशीत हुंदके देत होती, आणि भुमेश्वरीचा एक हात पोरीच्या पाठीवर होता, दुसरा नकळत पोटावर.

“आता काय मागतो, लेका?” माय हळूच म्हणाली. “ते लेकरू तीन महिन्यांपासून आपलं उत्तर घेऊन एकटंच बसलं हाये... जा, आयकून घ्या त्याचं.”